वच्छलाबाई बसल्या त्याची गोष्ट

आमच्या मुकुंदवाडीत कुठलंही चांगलं काम निघालं की आधी बॅनर छापतात. काम पुढं होवो न होवो, बॅनरवर कोणाचा फोटो कोणाच्या वर यावा यावरून दोन-चार बैठका होतातच. त्या वर्षी ज्येष्ठ नागरिक संघ, गणेश मंडळ, बायकांचे बचत गट, तालीम आणि महापालिकेचा दवाखाना असे सगळे पहिल्यांदाच एकत्र बसले आणि भांडण न होता उठले, हेच मुळात नवल. त्यांनी मिळून एक मोहीम काढली. नाव ठेवलं ‘चला, उठा, चाला’. वस्तीत जी माणसं नुसती बसून असतात, घराबाहेर पडत नाहीत, त्यांना हिंडतं-फिरतं करायचं, एवढाच हेतू.

कल्पना दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंची होती आणि खरं सांगायचं तर चांगली होती. साखर वाढलेली, गुडघे धरलेले, पाय सुजलेले, असलेच पेशंट दिवसभर बघून त्या वैतागल्या होत्या. सकाळी मैदानावर चालणं, दुपारी बायकांसाठी भजन आणि फुगड्या, ज्यांना आधार लागतो त्यांना तालमीतल्या पहिलवानांनी हाताला धरून फिरवून आणायचं, असं ठरलं. मी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला रिकामा माणूस, म्हणून मला चिटणीस केलं. अध्यक्ष अर्थात मंडळाचे काकासाहेब. ते कुठंही गेले तरी अध्यक्षच असतात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा.

मोहिमेला यश आलं नाही असं मी म्हणणार नाही. टीव्हीसमोरून न हलणारे बरेच जण मैदानावर यायला लागले. त्यातले काही तिथल्या बाकावर जाऊन बसायचे, हा भाग वेगळा. पण एक बाई मात्र कोणाच्याच्यानं उठेनात, आणि त्या नेमक्या माझ्या समोरच्या दारातल्या. वच्छलाबाई.

दैवाची चेष्टा बघा. चालण्याच्या बाबतीत आमच्या अख्ख्या गल्लीत जिचा कोणी हात धरला नसता, अशी ही बाई. धनगराघरची. माहेर-सासर दोन्ही कन्नडकडच्या घाटमाथ्यावरचं. लग्न झालं तेव्हापासून मेंढरांमागं चाललेली. दसरा झाला की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, कोंबड्या आणि तान्ही कोकरं वर बांधायची आणि पैठणकडं गोदाकाठाला उतरायचं. पावसाळ्याच्या तोंडाला परत माथ्यावर. मुलगा रामकिसन पाचोडच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला झाला. त्या मला सांगायच्या, “सकाळी पोरगं झालं, दुपारी पाल हलिवलं. बसायला येळ कुनाला व्हता, नाना?”

पुढं चराईची रानं गेली, कुंपणं पडली, मेंढरं विकली. रामकिसन वाळूजच्या कंपनीत लागला, त्याच्या मागं मल्हारराव आणि वच्छलाबाई शहरात आले. मल्हारराव म्हणजे त्यांचे मालक. ते एका बांधकामावर वॉचमन झाले. वच्छलाबाई इथंही चालतच राहिल्या. जाधववाडीच्या मंडईला पायी, चिकलठाण्याच्या बाजाराला पायी, गजानन महाराजांच्या दर्शनाला पायी. रिक्षावाल्यानं हाक मारली तर त्यालाच विचारायच्या, “तुला पाय नायत का रं बाबा?” जिना आम्ही बरोबर चढायचो. धाप मला लागायची आणि मस्करी त्या करायच्या.

मग मल्हारराव गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. दहावं पैठणला केलं, तेरावं घरी. भावकीतले आले, टॉवेल-टोपी झाली, सगळं रीतसर पार पडलं. पाहुणे पांगले, आणि वच्छलाबाई बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून बसल्या त्या बसल्याच.

सुरुवातीला कोणाला काही वाटलं नाही. दुःख आहे, बसणारच माणूस. पण महिना उलटला तरी बाई जागची हलेना, तेव्हा सून घाबरली. सून मंदा, शहरातच वाढलेली. बाप कंपनीतला कामगार, ती स्वतः चिकलठाण्याच्या एमआयडीसीत पॅकिंगला जायची. सासूनं बसणं धरल्यावर तिनं काम सोडलं. रोज सकाळी ती सासूच्या मागं उकिडवी बसायची, काखेतून हात घालायची, आपला गुडघा तिच्या कमरेला लावायची आणि एका दमात उचलायची. तशा वच्छलाबाई न्हाणीपर्यंत जायच्या आणि परत येऊन त्याच भिंतीला टेकायच्या. दाराकडं बघत राहायच्या, पण दारापर्यंत कधी यायच्या नाहीत. रडतही नव्हत्या. मी समोरून विचारायचो, “काय वच्छलाबाई, बाजाराला यायचं का?” तर पदर पुढं ओढून मान हलवायच्या, बस.

डॉक्टरीणबाई घरी येऊन तपासून गेल्या. जाताना त्यांनी मला आणि मंदाला पॅसेजमध्ये उभं केलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, “पायात अजून ताकद आहे, पण रोज थोडी थोडी जातेय. सांधे आखडायला लागलेत. पाठीला चट्टा पडलाय, तिथं जखम होईल. असंच चाललं तर पुढं त्या उठायचं म्हणाल्या तरी उठता येणार नाही. या वयात कायमचं अंथरूण धरलं की माणूस टिकत नाही, हे लक्षात ठेवा.”

“किती दिवस आहेत आमच्याकडं?” मंदानं विचारलं.

“दिवस कसले मोजताय? त्यांना चालवा. दारापर्यंत, जिन्यापर्यंत, जमेल तितकं.”

त्यानंतर मंदानं काय काय केलं ते मी समोरच्या दारातून बघत होतो. तेल चोळलं. देवाला नवस बोलली. कोणीतरी सांगितलं म्हणून अंगारा आणला. गोड बोलून झालं, ओरडून झालं, पाया पडून झालं. एका दुपारी तिचा आवाज थेट माझ्या खोलीत आला, “मरायचंच असंल तर तसं सांगा, आई! मीपण बसते तुमच्याशेजारी!” आणि खरंच बसली. संध्याकाळी रामकिसन कंपनीतून आला तेव्हा चूल थंड आणि सासू-सुना दोघी एका भिंतीला टेकून बसलेल्या. तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, “नाना, मला घरात पाऊल टाकावंसं वाटत नाही.” मला त्याचा रागच आला. त्याला निदान कंपनी तरी होती पळून जायला. मंदाला कुठं होती?

मी मोहिमेच्या बैठकीत विषय काढला. बचत गटाच्या साळूबाई म्हणाल्या, भजन घरी नेऊ. नेलं. पेटी, टाळ, पंधरा बायका, आवाजानं बिल्डिंग हलली, वच्छलाबाई हलल्या नाहीत. मग तालमीतले दोन पहिलवान गेले. त्यांचे दंड बघून बाईंनी भिंतीकडं तोंड फिरवलं. शेवटी काकासाहेबांनी गुडघ्यावर थाप मारली. “नाना, टेन्शन क्यूं लेते? सत्कार करू. सत्काराला नाही म्हणणारा माणूस मी अजून बघितलेला नाही.”

हे मात्र आमच्या लोकांनाच सुचावं. माणूस आजारी असो, रिटायर होवो, नाहीतर नुसता जिवंत असो, त्याला शाल घाला आणि नारळ द्या. बेत असा ठरला की सगळ्या संस्थांनी मिळून वच्छलाबाईंच्या घरी जायचं, अध्यक्षांनी शाल, नारळ आणि नवी साडी द्यायची आणि हाताला धरून दाराबाहेर आणायचं. खाली ताशा, वर फुलं, फोटो. डॉक्टरीणबाईंना पटलं नव्हतं, पण दुसरं काही लागू पडत नव्हतं म्हणून त्याही आल्या. मीही गेलो. मंदानं तर आदल्या दिवशी घर सारवल्यासारखं लख्ख पुसून घेतलं होतं. तिला आशा वाटत होती, आणि तीच मला बघवत नव्हती.

घरात उभं राहायला जागा नव्हती. काकासाहेबांनी चार शब्द बोलतो म्हणून चाळीस बोलून घेतले. मग वाकून वच्छलाबाईंच्या खांद्यावर शाल टाकली, साडी उलगडून डोक्यावरून पांघरली आणि त्यांचा हात धरून ओढला. “चला आजी! पहिलं पाऊल!” खाली कोणीतरी इशारा केला असणार, ताशा कडाडला.

वच्छलाबाई अर्ध्या उठल्या आणि किंचाळल्या. तसा आवाज मी माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. त्यांनी स्वयंपाकघराची चौकट दुसऱ्या हातानं धरली. “सोडा! सोडा मला! तुमी कोन? तुमचा काय हक्क?” काकासाहेब गोंधळले, पण गोंधळलेला माणूस जे करत असतो तेच करत राहतो, ते ओढतच राहिले. बाईंची पकड सुटली आणि त्या कुशीवर पडल्या. डोक्यावरची साडी त्यांनी भेदरल्यासारखी दूर फेकली. खाली ताशा चालूच. मी काकासाहेबांना काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पाच मिनिटांत घर रिकामं झालं, नारळ तेवढा कोपऱ्यात राहिला.

मंदानं वच्छलाबाईंना मांडीवर घेतलं होतं. मी दारातूनच निघत होतो, तेवढ्यात त्या बोलल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलल्या.

“हे काम भावाचं असतं.”

मग तुटक तुटक सगळं बाहेर आलं. त्यांच्यात रीत अशी की नवरा गेलेल्या बाईसाठी तिच्या माहेरच्या भावानं लुगडं आणायचं, ते डोक्यावरून पांघरायचं आणि हाताला धरून तिला उंबऱ्याबाहेर काढायचं. एक मुक्काम माहेरी न्यायचं. मग ती मोकळी, कुठंही हिंडायला. तोवर तिनं उंबरा ओलांडायचा नाही. आपल्या पायानं ओलांडला तर तिला माहेर उरलं नाही, असं धरतात. वच्छलाबाईंचा एकच भाऊ, बिरू. तो तेराव्याला आला नव्हता. तो येणार नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण तो आला नाही म्हणजे बाई आत अडकली, हे ना मुलाला उमगलं ना सुनेला. आणि आम्ही शहाणे पेटी-टाळ घेऊन त्यांचे गुडघे दुरुस्त करायला निघालो होतो.

बिरू का आला नाही, तेही त्यांनीच सांगितलं. बिरूची लेक पुतळा पाळण्यात असतानाच वच्छलाबाईंनी तिला रामकिसनसाठी मागून घेतलं होतं. कपाळाला कुंकू लावून शब्द दिला होता. मोठेपणी रामकिसननं शहरात मंदाशी लग्न जमवलं. पुतळा वाट बघत राहिली. वय वाढलं, तेव्हा मिळेल त्या घरात दिली आणि नवऱ्यानं टाकली. तेव्हापासून ती बापाच्या घरी. तेव्हापासून बिरूनं बहिणीचं नाव घेतलं नाही.

“मग सांगायचं नाही का, आई?” मंदा रडत म्हणाली. “आम्ही हाता-पाया पडून बोलावलं असतं त्यांना.”

“मागून आनलेलं लुगडं माहेरचं नसतं, बाई. त्यानं आपून आनलं पायजे. आन् कोन्या तोंडानं मागू? मी त्याच्या लेकीला जलमभर बसवून ठिवलं. आता मी बसले. बराबर हाय.”

मला राहवलं नाही. मी म्हणालो, “वच्छलाबाई, मी आणतो लुगडं. इतकी वर्षं शेजारी राहतोय, मला भाऊ समजा.”

त्यांनी माझ्याकडं मायेनं बघितलं. “तुमी लई चांगले हाव, नाना. पन रगत कुठून आनाल?”

मंदाचा चेहरा उतरला होता. ती एवढंच म्हणाली, “म्हणजे माझ्यामुळं.” यावर कोणी नाही म्हणालं नाही. मला म्हणता आलं असतं, पण खोटं बोलायला त्या क्षणी जीभ वळेना.

रामकिसनला सांगितलं तर तो मान खाली घालून बसला. “मामाला मी तोंड दाखवू शकत नाही,” म्हणाला. तेव्हा मंदा म्हणाली, “मग मी दाखवते.” आणि मला बरोबर चला म्हणाली.

आम्ही कन्नडची बस धरली. दौलताबादच्या वेशीतून बस अंग चोरून जाते तिथं मंदानं डोळे मिटून हात जोडले. वेरूळ गेलं, कन्नड आलं, पुढं जीपनं वस्तीवर. सगळ्या वाटेत ती मामांशी काय बोलायचं ते ओठातल्या ओठात घोकत होती.

बिरू मेंढरांच्या वाड्याशी बसला होता. पटका, पांढऱ्या मिशा, वच्छलाबाईंचंच नाक. मी ओळख करून दिली आणि सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या तेसुद्धा. त्यानं ऐकून घेतलं. घरातून एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. पस्तिशीची असावी, हाडापेरानं मजबूत, काहीच वाचता येऊ नये असा चेहरा. तिनं मंदाकडं बघितलं आणि तांब्या तसाच हातात धरून उभी राहिली.

“हीच का ती?” तिनं बापाला विचारलं.

मंदानं घोकलेलं सगळं विसरून एकदम बिरूच्या पायावर डोकं ठेवलं. “मामा, राग माझ्यावर काढा. मी घर सोडून जाते म्हणाल तर जाते. पण त्यांना बाहेर काढा. त्या मरतील हो.”

“पाय सोड,” बिरू म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. “माझी लेक हितं बसलीय, तिला भाईर काढाया आलं का कोनी? शबुद मोडला तवा वच्छी कुठं गेलती? बसूंद्या तिला.”

मी चिडलो. काय वाटेल ते बोललो, बहीण आहे की दुश्मन, वगैरे. मोहिमेचा चिटणीस असल्याचंही सांगितलं, आता आठवलं की लाज वाटते. तो मेंढरांकडं बघत राहिला. पुतळानं मंदाला हाताला धरून उठवलं, तांब्या तिच्या हातात दिला, आणि ती घरात गेली.

कन्नडच्या स्टँडवर मंदा बाकावर बसली होती. समोर बस लागली तरी उठेना. मला वाटलं, आता हीसुद्धा बसली की काय. “नाना,” ती म्हणाली, “मी त्या घरात आहे तोवर त्यांचा भाऊ यायचा नाही. मी निघून गेले तर त्यांना रोज उचलणार कोण? मी राहिले तरी त्या जाणार, मी गेले तरी जाणार. मी करू तरी काय?” मी चहा आणला, तो तिनं घेतला नाही.

नंतरचे दिवस फार वाईट गेले. पाठीच्या चट्ट्याची जखम झाली. मंदाला आता एका दमात उचलणं जमेना, कारण वच्छलाबाईंच्या पायांनी साथ सोडत आणली होती. न्हाणीपर्यंत जवळजवळ ओढत न्यावं लागायचं. डॉक्टरीणबाई ड्रेसिंग करून जायच्या आणि जाताना माझ्याकडं बघायच्या, आणि मी खाली बघायचो. मोहीम पुढं चालूच होती. काकासाहेबांनी मैदानावर मोठा मेळावा घेतला, तिथं बसून राहणाऱ्यांचे तोटे यावर व्याख्यान झालं. मी गेलो नाही. दार उघडलं की समोर भिंतीला टेकलेली ती बाई दिसायची, आणि मला माझं दार लावून घ्यावंसं वाटायचं. लावून घेतलंही.

अशाच एका सकाळी खाली जीप थांबली. मी गॅलरीतून बघितलं तर पटका दिसला. मी चप्पल न घालता पॅसेजमध्ये आलो. बिरू जिना चढत होता, एकेका पायरीवर थांबत. काखेत कापडाची घडी. मागं पुतळा.

पुतळा मला बघून म्हणाली, “मी चूलच पेटिवली नाय, नाना. म्हणलं, आत्याला भाईर काढाया जात नाय तवर घरात भाकर व्हनार नाय. बाबा म्हणले, तिनं तुझं वाटोळं केलं. मी म्हणलं, माझं झालं तेवढं बास हाय. मला ठावं हाय बसून ऱ्हाणं कसं असतं.”

तेवढ्यात कोणीतरी वर्दी दिली असणार, काकासाहेब मोबाइल उगारून जिन्यात हजर. मोहिमेसाठी एक फोटो, म्हणाले. मी त्यांना जिन्यातच अडवलं. “एक पायरी वर आलात तर मी अध्यक्ष-बिध्यक्ष बघणार नाही,” म्हणालो. ते प्रथमच काही न बोलता उतरले.

बिरू दाराबाहेर थांबला. मंदाच्या घरात पाऊल टाकायचं नाही, पाणी प्यायचं नाही, अशी त्यानं शपथ घेतली होती. मंदा त्याला बघताच स्वयंपाकघरात आत सरकली, दिसू नये अशी. उघड्या दारातून भाऊ-बहीण एकमेकांकडं बघत होते. बिरूनं घडी उलगडली आणि हात पुढं केला.

“ऊठ, वच्छे.”

वच्छलाबाईंनी फरशीवर हात टेकले. अंग उचललं, हात सरकले आणि त्या बसल्या. पुन्हा जोर लावला. पुन्हा बसल्या. जिची इतके दिवस वाट बघितली ती हाक आली होती आणि आता पाय नव्हते. “ऊठ की गं,” बिरू हात आणखी पुढं करत म्हणाला. “मी आलो नं. ऊठ की.” वच्छलाबाई त्याच्याकडं बघून नुसती मान हलवत होत्या. आपण उशीर केला, सगळ्यांनीच, हेच माझ्या डोक्यात घुमत होतं.

पुतळा आत गेली. आत्याचे दोन्ही हात धरून तिनं ओढून बघितलं. वच्छलाबाई वेदनेनं विव्हळल्या.

“अशा नाही उठत त्या,” स्वयंपाकघरातून मंदाचा आवाज आला.

पुतळानं मान वळवली. बिरूनंही.

“मग ये की,” पुतळा म्हणाली. “दाखव.”

मंदा आली. सासूच्या मागं उकिडवी बसली, काखेतून हात घातले, कमरेला गुडघा लावला. पुतळानं समोरून धरलं. मंदा म्हणाली, “आता,” आणि दोघींनी मिळून वच्छलाबाईंना उभं केलं. पाऊल उचलत नव्हतं, नुसतं फरशीवर घासत होतं. तशा त्या दारापर्यंत आल्या. बिरूनं लुगडं डोक्यावरून पांघरलं आणि हात धरला.

पण उंबऱ्यावर पाऊल अडलं. आमच्या बिल्डिंगीचा उंबरा तो काय, दगडाची एक पट्टी. तेवढंही पाऊल वर होईना. वच्छलाबाई आपल्या सुजलेल्या पायाकडं बघत होत्या, जणू तो दुसऱ्याचाच असावा. मंदा मागून तोलून धरत होती आणि तिचे हात भरून आल्याचं मला दिसत होतं. तेव्हा पुतळा खाली बसली. तिनं आत्याचं पाऊल दोन्ही हातांनी उचललं आणि उंबऱ्याबाहेर ठेवलं. मग दुसरं.

वच्छलाबाई पॅसेजमध्ये उभ्या होत्या. अंगावर उजेड पडला होता. मल्हारराव गेल्यापासून न रडलेली ती बाई मोठ्यानं, सगळ्या बिल्डिंगीला ऐकू जाईल अशी रडली. रडता रडताच तिनं खाली बसलेल्या पुतळाच्या डोक्यावर हात ठेवला.

“माझ्या उंबऱ्यात तुझं पाऊल आत यायचं व्हतं गं, बाई,” वच्छलाबाई म्हणाल्या. “आन् तूच माझं भाईर ठिवलंस.”

पुतळानं आत्याचा पाय सोडला नाही. बिरूनं भिंतीकडं तोंड केलं. मी मंदाकडं बघत होतो. ते तिनंही ऐकलं होतं, अगदी कानाशी. तिचे हात सासूच्या काखेतच होते. ते तिनं काढले नाहीत, उलट पकड नीट केली.

“सावकाश, आई,” ती म्हणाली. “पुढं जिना आहे.”